दोन अपुऱ्या कॅसेटी

जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी निन्टेन्डो कंपनीच्या 'गेम बॉय' या हातात धरून खेळण्याच्या यंत्रासाठी दोन कॅसेटी एकाच वेळी विक्रीस आल्या. एकीचे नाव 'पॉकेट मॉन्स्टर्स रेड', दुसरीचे 'पॉकेट मॉन्स्टर्स ग्रीन'. दोहोंतील गावे तीच, रस्ते तेच, प्रतिस्पर्धी तेच आणि कथानकही तेच. आणि तरीही त्यांपैकी कोणतीही एक विकत घेणाऱ्या मुलाच्या पदरात पुरा खेळ पडत नव्हता, कारण ज्या चमत्कारिक प्राण्यांचा संग्रह पूर्ण करणे हे या खेळाचे घोषित उद्दिष्ट, त्यांतील अकरा प्राणी केवळ पहिल्या कॅसेटीत आणि निराळे अकरा केवळ दुसरीत ठेवलेले होते. अपुरा माल जाणूनबुजून विकणाऱ्या व्यापाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा फिरकत नाही, असा सर्वसाधारण अनुभव आहे. येथे मात्र या अपुऱ्या कॅसेटींचा, पुढे निघालेली निळी आणि परदेशी आवृत्त्या जमेस धरता, तीन कोटींवर खप झाला आणि त्यांतील पिकाचू नावाचा पिवळा उंदीर जगातील घराघरांत ओळखीचा झाला. आपल्याकडील मुलांना तो प्रथम भेटला तो दूरचित्रवाणीवरील मालिकेतून. ज्या मूळ खेळातून ती मालिका निघाली तो खेळ आपल्याकडे फार थोड्यांच्या हाती पडला होता.

अशा खेळास भूमिकाप्रधान खेळ म्हणतात. खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, त्याचे सामर्थ्य अनुभवागणिक वाढत जाते, आणि त्या वाढीची नोंद आकड्यांत ठेवली जाते. या खेळातील पात्र म्हणजे गाव सोडून निघालेला एक मुलगा. तो रानावनांतून पोकेमॉन नावाचे प्राणी पकडतो, त्यांना शिकवतो, इतर शिक्षकांच्या प्राण्यांशी त्यांच्या झुंजी लावतो आणि अखेर सर्वश्रेष्ठ ठरतो. कथानक म्हणून यात फारसे काही नाही. जगाचा नाश टाळण्याचा भार मुलाच्या शिरावर नाही, राजकन्येची सुटका नाही. कान्तो नावाच्या, खऱ्या जपानी प्रांतावरूनच नाव घेतलेल्या मुलुखातून पायी केलेली भटकंती आहे, एवढेच. या भटकंतीचे मोल कशात आहे आणि तिच्यात खटकण्याजोगे काय आहे, हे समजून घ्यायचे तर खेळाच्या आत चालणारा हिशेब पाहावा लागतो. तो पाहिल्यावर माझे असे मत झाले आहे की या खेळाचे बहुतेक गुण ज्या काटकसरीतून निपजले, तिच्यातूनच त्याचे निम्मे दोषही आले. उरलेल्या निम्म्या दोषांना मात्र काटकसरीची सबब पुढे करता येत नाही.

आठ किलोबाइटांचा संसार

गेम बॉय यंत्र १९८९ सालचे. त्याचे जनक गुन्पेई योकोई यांचे तत्त्व असे, की नव्या व महागड्या तंत्राच्या मागे न धावता जे तंत्र जुने, मुरलेले आणि स्वस्त झाले आहे त्याचाच नवा उपयोग शोधावा. त्यानुसार या यंत्राला आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके एवढाच पडदा मिळाला. रंग नाहीत, फिकट हिरवट ते काळपट अशा चारच छटा. चार पेन्सिल-सेलांवर चालणारे हे यंत्र मुलाच्या हातून पडले तरी सहसा बिघडत नसे. त्याची कामचलाऊ स्मृती, म्हणजे खेळ चालू असताना लागणारी टिपणे ठेवण्याची जागा, आठ किलोबाइट. एक मराठी अक्षरचिन्ह आजच्या संगणकात सामान्यतः तीन बाइट घेते हे लक्षात घेता, आपण वाचत आहात तो हा लेखसुद्धा त्या जागेत मावला नसता.

एवढ्या जागेत सारा मुलूख कसा बसवला? गिरणगावातील चाळीत एका खोलीत संसार करणारी माणसे जशी बसवीत तसा. सकाळी जो कोपरा स्वयंपाकघर, तोच दुपारी मुलांच्या अभ्यासाची जागा आणि रात्री तेथेच अंथरुणे पडत. वस्तू बदलत, जागा तीच. खेळातही स्मृतीचा एकच कप्पा एका प्रसंगी एका कामास आणि दुसऱ्या प्रसंगी दुसऱ्या कामास वापरण्याची वहिवाट होती. खोलीतील माणसांनी आपापले सामान वेळच्या वेळी उचलले म्हणजे संसार सुरळीत चालतो. न उचलल्यास काय होते, ते पुढे पाहू.

ही काटकसर कोठवर गेली होती त्याचे एकदोन नमुने देतो. १५१ प्राण्यांपैकी प्रत्येकाची आरोळी निराळी असावी अशी योजना होती, पण तेवढे ध्वनी साठवण्यास जागा नव्हती. म्हणून केवळ ३८ मूळ आरोळ्या रचून, कोणाची पट्टी चढवून, कोणाची लांबी ताणून, त्यांतूनच सर्वांचे आवाज काढले. दुसरा नमुना याहूनही कौतुकास्पद आहे. एकाच जातीचे दोन प्राणी तंतोतंत सारखे नसावेत, म्हणून प्रत्येकास जन्मतः आक्रमण, बचाव, वेग आणि 'विशेष' या चार बाबतींत शून्य ते पंधरापैकी एकेक गुण मिळतो. ते चार आकडे अवघ्या दोन बाइटांत बसतात. पाचवी बाब प्राणशक्तीची. तिच्यासाठी वेगळी जागा न घालवता, आधीचे चार आकडे विषम की सम एवढे पाहून त्यावरूनच तिचा गुण ठरवला आहे. दोन बाइटांत ६५,५३६ प्रकारचे जन्मसिद्ध स्वभाव! खेळणाऱ्या मुलाला हे आकडे कधीच दिसत नाहीत. शेजाऱ्याच्या चार्मँडरपेक्षा आपला चार्मँडर किंचित चपळ आहे, एवढेच त्याला जाणवते, आणि तेवढ्यावर त्याचा त्या प्राण्यावर जीव जडतो.

हे घडवणारे लोक फार थोडे होते. सातोशी ताजिरी हे १९६५ साली जन्मलेले गृहस्थ टोकियोजवळच्या माचिदा भागात वाढले. लहानपणी त्यांना किडे पकडून जमवण्याचा विलक्षण नाद होता, आणि शेतेभाते, तळी बुजवून इमारती उभ्या राहिल्या तेव्हा किड्यांबरोबर तो नादही हरपला. नव्या पिढीच्या मुलांना तो आनंद मिळावा, ही या खेळामागची मूळ प्रेरणा. त्यांच्या 'गेम फ्रीक' या छोट्या कंपनीत केन सुगिमोरी चित्रे काढीत आणि जुनिची मासुदा संगीत रचून आज्ञावलीही लिहीत. खेळ पुरा होण्यास सुमारे सहा वर्षे लागली.

गवतात कोण दडले आहे?

खेळात उंच गवताचे पट्टे आहेत, आणि त्यांतून चालताना एकाएकी एखादा रानटी प्राणी पुढ्यात उभा राहतो. तो कोठून येतो? गवतात आधीपासून कोणी बसलेले नसते. आपण प्रत्येक पाऊल टाकले की यंत्र ० ते २५५ यांपैकी एक आकडा यदृच्छेने उचलते. तो आकडा त्या जागेसाठी ठरवलेल्या मर्यादेच्या खाली असेल तरच प्राणी भेटतो. मग दुसरा आकडा उचलून कोणता प्राणी ते ठरते. त्यासाठी प्रत्येक रानाची दहा ओळींची यादी असते, आणि ओळींचा वाटा समान नसतो: पहिल्या दोन ओळींना शेकडा सुमारे वीस-वीस, तिसरीला पंधरा, पुढच्या तिघींना दहा-दहा, मग पाच-पाच, नववीला चार आणि दहावीला केवळ एक.

सुरुवातीच्या व्हिरिडियन अरण्यात पिकाचूची नोंद नवव्या व दहाव्या ओळीत आहे. म्हणजे शंभर भेटींत पाच. बाकी सगळे सुरवंट आणि कोश. ज्याला ही यादी ठाऊक नाही असा मुलगा दहा-बारा सुरवंटांशी झुंजून कंटाळून पुढच्या गावाची वाट धरतो, आणि ज्याच्या कानी 'तिथे पिकाचू असतो' ही कुणकुण आलेली असते तो अर्धी दुपार त्याच गवतात फेऱ्या घालतो. ताजिरींच्या किडे पकडण्यातील सारा आनंद या दहा ओळींच्या यादीत उतरला आहे असे मला वाटते. दुर्मिळ वस्तू दुर्मिळ का वाटते, तर तिच्यासाठी आपण खर्चिलेला वेळ आपल्याला आठवतो म्हणून.

याच युक्तीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गुहांमध्ये गवत नसते, तेथे प्रत्येक पावलाला हा आकडा उचलला जातो. अंधाऱ्या गुहेत वाट चुकलेल्या मुलाला चार पावलांवर वटवाघूळ, पुन्हा सात पावलांवर वटवाघूळ, हे भोगावे लागते, आणि तेथे कुतूहलाचे रूपांतर निव्वळ वैतागात होते.

झुंजीचा हिशेब

झुंजीत प्रत्येक प्राण्याला चार डावपेच माहीत असतात. त्यांतील एक निवडल्यावर समोरच्या प्राण्याची प्राणशक्ती किती घटेल, हे एका गणिताने ठरते. गणित सोपे आहे, आणि ते एकदा समजले की खेळाची अर्धी गुपिते उलगडतात.

| एका आघाताचा ताळेबंद |
|---|
| समजा, विसाव्या पातळीचा स्क्वर्टल ४० बळाचा पाण्याचा फवारा सोडतो. त्याचा 'विशेष' गुण ३० आणि समोरच्याचाही ३०. |
| पातळीची दुप्पट, भागिले ५, अधिक २: म्हणजे १०. |
| १० गुणिले बळ ४० म्हणजे ४००. गुण समसमान असल्याने त्यात घटबढ नाही. |
| भागिले ५०, अधिक २: म्हणजे १०. |
| पाण्याच्या प्राण्याने पाण्याचाच डाव टाकल्याबद्दल दीडपट: १५. |
| समोर अग्नीचा चार्मँडर असेल तर दुप्पट: ३०. वनस्पतीचा बल्बासॉर असेल तर निम्मे, अपूर्णांक सोडून: ७. |
| शेवटी दैवाची किंचित वजावट: चार्मँडरला २५ ते ३०, बल्बासॉरला ५ ते ७. |

ताळेबंदातील शेवटून दुसरी ओळ हा खेळाचा प्राण आहे. पाणी अग्नीला विझवते, अग्नी वनस्पतीला जाळतो, वनस्पती पाणी शोषते. मुलाला कोणी शिकवावे लागत नाही, ते त्याला आधीच कळते. असे पंधरा प्रकार आहेत, आणि त्यांच्या परस्परसंबंधांचा २२५ घरांचा तक्ता मुले पाढ्यांहून जलद पाठ करतात. पाढे पाठ करून हाती काय लागणार हे मुलाला उमगत नाही. हा तक्ता पाठ केल्यावर मात्र पुढचा प्रतिस्पर्धी हरतो, आणि शिकण्याचे फळ त्याच मिनिटाला पदरात पडते. आकड्यांचा भार यंत्राने उचलावा आणि निर्णयाचा आनंद खेळणाऱ्याला द्यावा, ही वाटणी येथे उत्तम साधली आहे. पहिल्या गावात गुरुजी तीन प्राण्यांतून एक निवडावयास सांगतात. लागलीच त्यांचा नातू, आपला प्रतिस्पर्धी, आपण घेतलेल्यावर मात करील नेमका तोच उचलतो, आणि एका कृतीत हा सारा तक्ता मुलाला समजावून सांगितला जातो. इतका संक्षिप्त पहिला धडा मी अन्य खेळांत क्वचित पाहिला आहे.

वर्मी बसलेल्या घावाचा नियमही लक्षात घेण्याजोगा आहे. असा घाव बसला की गणितात पातळी दुप्पट धरली जाते, आणि तो बसण्याचा संभव प्राण्याच्या मूळ वेगावर अवलंबून असतो: मूळ वेगाला ५१२ ने भागावे. शंभर वेगाच्या प्राण्याचा साधारण पाचांतील एक घाव वर्मी बसतो. येथून खेळाचे पारडे वेगाच्या बाजूस झुकते. जो चपळ तो आधी मारतो आणि अधिक वर्मीही मारतो. संथ, दणकट प्राण्यांवर प्रेम करणाऱ्या मुलांवर हा उघड अन्याय आहे.

तारेने जोडलेली दोन मुले

आता आरंभीच्या कोड्याकडे वळू. गेम बॉयच्या बाजूला एक छोटे छिद्र होते. त्यात केबल खुपसून दोन यंत्रे जोडता येत. इतर खेळांनी या केबलीचा उपयोग स्पर्धेसाठी केला होता. ताजिरी यांना तिच्यातून किडे एका यंत्रातून दुसऱ्यात सरकत जाताना दिसले, आणि स्पर्धेच्या जागी विनिमय ही कल्पना जन्मास आली. परंतु विनिमय व्हावा कशासाठी? दोघांजवळ सर्व काही असेल तर देणे-घेणे होणार नाही. तेव्हा दोघांजवळ थोडे थोडे उणे असले पाहिजे. एकाच खेळाच्या दोन आवृत्त्या काढण्याच्या सूचनेचे श्रेय निन्टेन्डोचे प्रख्यात रचनाकार शिगेरु मियामोतो यांना दिले जाते. जपानी आवृत्तीत नायकासाठी सुचवलेल्या नावांत 'सातोशी' आणि प्रतिस्पर्ध्यासाठी सुचवलेल्या नावांत 'शिगेरु' आहे.

ही उणीव किती बारकाईने आखली होती ते पाहा. म्यू नावाचा गुप्त प्राणी वगळता एकूण दीडशे. त्यांतून दुसऱ्या आवृत्तीतील अकरा वजा. आरंभी तीन प्राण्यांतून एक निवडावा लागतो. उरलेले दोघे आणि त्यांची पुढची रूपे धरून सहा वजा. दोन जीवाश्मांतून एकच मिळतो. दुसऱ्यातला प्राणी आणि त्याचे पुढचे रूप धरून आणखी दोन वजा. दोन मल्ल प्राण्यांतून एकच: एक वजा. ईव्ही नावाचा एकमेव प्राणी तीनपैकी एकाच रूपात वाढतो: दोन वजा. शेवटी कॅडाब्रा, मचोक, ग्रॅव्हलर आणि हाँटर हे चौघे केबलीतून दुसऱ्याच्या हाती गेल्याखेरीज आपले अंतिम रूप घेतच नाहीत: चार वजा. म्हणजे एकट्याने, कितीही चिकाटीने खेळले तरी १२४ च्या पुढे मजल जात नाही. उरलेल्या २६ जणांसाठी दुसऱ्या माणसाकडे जावे लागते.

आणि जो मुलगा आपला कॅडाब्रा मित्राला पाठवतो त्याला क्षणभर विश्वास ठेवावा लागतो की मित्र त्याचे अलकझॅममध्ये रूपांतर झाल्यावर तो परत करील. यंत्रात तशी हमी देणारी कोणतीही तजवीज नाही. देवाणघेवाण दोन वेळा करावी लागते आणि मधल्या मिनिटात प्राणी मित्राच्या मालकीचा असतो. बदली झालेल्या प्राण्याबरोबर मूळ मालकाचे नाव व क्रमांक कायम राहतात. परक्याकडून आलेला प्राणी दीडपट वेगाने अनुभव मिळवतो, पण खेळणाऱ्याने पुरेशी पदके मिळवलेली नसतील तर हुकूम मानीत नाही. मैत्रीचे एवढे व्यवहार एका तारेत बसवणारा दुसरा खेळ त्या काळात नव्हता. माझ्या मते या खेळाचा सर्वश्रेष्ठ गुण हाच, आणि तो पडद्यावर दिसतच नाही. तो दोन पडद्यांच्या मधल्या जागेत घडतो.

गुप्त म्यूची हकीकतही काटकसरीचीच आहे. काम संपत आल्यावर चाचणीसाठी घातलेली उपकरणे कॅसेटीतून काढली गेली, तेव्हा सुमारे तीनशे बाइट जागा मोकळी झाली. शिगेकी मोरिमोतो या आज्ञावलीकाराने तेवढ्यात हा १५१ वा प्राणी बसवला. तो रीतसर मार्गाने भेटत नसे. 'कोरोकोरो' या मुलांच्या मासिकाने वीस जणांना तो देण्याची घोषणा केली, तेव्हा ७८,००० अर्ज आले.

अडचणीतून आलेले दोष

पकडलेले प्राणी ठेवण्याची व्यवस्था हा या खेळातील सर्वांत त्रासदायक भाग. सोबत सहाच बाळगता येतात. बाकीचे संगणकातील पेट्यांत जातात, आणि एकूण जागा २४० प्राण्यांची, इंग्रजी आवृत्तीत वीस-वीसांच्या बारा पेट्यांत विभागलेली. पेटी भरली की दुसरी आपोआप उघडत नाही. दुर्मिळ प्राणी समोर उभा आहे, त्याला पकडण्यासाठी चेंडू फेकायला जावे, आणि पेटी भरली असल्याचे यंत्र सांगते. गावात परत जाऊन पेटी बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

याचे कारण मात्र समजण्यासारखे आहे. पेटीतील एका प्राण्याची नोंद ३३ बाइटांची. वीस प्राणी, त्यांची नावे आणि मालकांची नावे मिळून एक पेटी अकराशेहून अधिक बाइट घेते, म्हणजे आठ किलोबाइटांच्या आठव्या हिश्श्याहून जास्त. म्हणून चालू पेटी तेवढी खोलीत आणि बाकीच्या कॅसेटीतील बॅटरीवर जगणाऱ्या साठ्यात, अशी वाटणी केली होती. झोळीत वीसच प्रकारच्या वस्तू मावतात, तेही याच कारणाने. मी असल्या गैरसोयीला दोष म्हणतो, पण रचनाकारांना त्याबद्दल बोल लावीत नाही.

एकाच कोपऱ्यात दोन कामे करण्याच्या वहिवाटीचा सर्वांत प्रसिद्ध परिणाम १९९८ च्या इंग्रजी आवृत्तीत दिसतो. व्हिरिडियन गावात एक म्हातारा प्राणी पकडून दाखवतो. तेवढ्यापुरते पडद्यावर खेळणाऱ्याच्या जागी म्हाताऱ्याचे नाव यावे लागते. मग खेळणाऱ्याचे खरे नाव तात्पुरते कोठे ठेवावे? गावात गवताची यादी लागत नाही म्हणून त्या यादीच्या कप्प्यात ते ठेवले जाते. पुढच्या रानात शिरताच तेथे नवी यादी येते आणि जुने नाव पुसले जाते, म्हणून सहसा काही बिघडत नाही. पण म्हाताऱ्याचे प्रात्यक्षिक पाहून जो थेट उडत सिनाबार बेटावर जातो त्याच्या वाटेत असे रान येत नाही. आणि त्या बेटाच्या पूर्व किनाऱ्यालगत पोहताना यंत्र चुकून पाण्याऐवजी गवताचीच यादी वाचते. तेथे यादी नाहीच, खेळणाऱ्याच्या नावातील अक्षरे आहेत! त्या अक्षरांचे आकडे प्राणी आणि पातळ्या म्हणून वाचले जातात, आणि ज्या आकड्याचा प्राणीच अस्तित्वात नाही तेथे मोडक्या चौकटींचा मिसिंगनो उभा राहतो.

तो दिसताच यंत्र प्राण्यांच्या नोंदवहीत 'पाहिला' अशी खूण करू पाहते, पण त्याचा क्रमांक शून्य असल्याने खूण वहीच्या बाहेर पडते आणि नेमकी झोळीतील सहाव्या वस्तूच्या संख्येवर उमटते; ती संख्या एकदम १२८ ने वाढते. जगभरच्या मुलांनी सहाव्या जागी पातळी वाढवणारी दुर्मिळ गोळी ठेवून याचा यथेच्छ लाभ घेतला. चूकच ही, पण आवराआवर राहून गेलेल्या अडचणीच्या घरातील चूक, आणि तिने खेळाचे नुकसान करण्यापेक्षा त्याच्या दंतकथेत भरच घातली.

हलगर्जीपणाचे दोष

आता ज्यांना जागेच्या टंचाईची सबब नाही अशा चुका. खेळातील एक पात्र स्वतः सांगते की मानसिक शक्तीचे प्राणी फक्त भुतांना आणि किड्यांना भितात. प्रत्यक्ष तक्त्यात भुताच्या डावाचा मानसिक प्राण्यावर दुप्पट तर नाहीच, काडीचाही परिणाम होत नाही. दुपटीच्या जागी शून्य लिहिण्यास एक बाइटही अधिक वा उणा लागत नव्हता. किड्यांचा उपायही नावापुरता, कारण त्यांचे डाव अगदी दुबळे आहेत आणि त्यांतील बरा म्हणावा असा डाव ज्या बीड्रिलजवळ आहे तो विषारी असल्याने मानसिक डावापुढे स्वतःच कोसळतो. भर म्हणून 'विशेष' हा एकच गुण आक्रमणाला आणि बचावालाही लागू. परिणाम असा, की अलकझॅम आणि म्यूटू या मानसिक प्राण्यांपुढे काहीच चालत नाही, आणि ज्या पंधरा प्रकारांच्या समतोलावर खेळाची शान उभी आहे तो समतोल एका बाजूने पार ढळतो. मला हा या खेळाचा सर्वांत मोठा दोष वाटतो, कारण मुलाने मन लावून पाठ केलेल्या तक्त्याशी येथे खुद्द खेळच अप्रामाणिक ठरतो.

दुसरी चूक 'फोकस एनर्जी' या डावाची. त्याने वर्मी घावाचा संभव चौपट व्हायचा; आज्ञावलीतील उलट्या क्रियेमुळे तो चतुर्थांश होतो. म्हणजे एकाग्रता जितकी अधिक तितका नेम वाईट, आणि खेळणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तिसरी चूक सूक्ष्म आहे: कधीच न चुकणाऱ्या डावाची अचूकता २५५ लिहिलेली असते, यंत्र ० ते २५५ यांतील आकडा उचलते आणि तो २५५ पेक्षा लहान असेल तरच नेम लागतो असे मानते. उचललेला आकडा स्वतःच २५५ निघाला की, २५६ वेळांतून एकदा, न चुकणारा डाव चुकतो. तुलनेच्या खुणेत 'किंवा समान' एवढे दोन शब्द राहून गेले, त्याचा हा परिणाम.

प्रतिस्पर्ध्यांच्या बुद्धीबद्दल काय सांगावे! शेवटच्या चार महारथींपैकी लान्स नावाचा वीर ड्रॅगन बाळगतो. त्याच्या निवडीचा नियम असा, की समोरच्यावर ज्या प्रकारचा डाव प्रभावी तो आधी निवडावा. पण डाव इजा करणारा आहे की नाही हे तो पाहत नाही. विषारी प्राण्यावर मानसिक प्रकार प्रभावी, आणि लान्सच्या ड्रॅगनाईटजवळ मानसिक प्रकारचे दोनच डाव, एक वेग वाढवण्याचा आणि दुसरा बचाव वाढवण्याचा. आपण विषारी व्हीनसॉर पुढे केला की तो बलाढ्य ड्रॅगन आपली चपळाई आणि कवच वाढवीत राहतो, आणि इकडे त्याची प्राणशक्ती संपत येते. साऱ्या प्रवासाच्या शिखरावर असलेली लढत अशी निकालात निघावी, याचे वाईट वाटते.

यांतील बहुतेक गोष्टी रचनाकारांनी पुढे सुधारल्या. १९९९ च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' आवृत्त्यांत 'विशेष' गुणाचे आक्रमण आणि बचाव असे दोन भाग केले, भुतांचा तक्ता दुरुस्त केला, आणि मानसिक प्राण्यांना आवर घालण्यासाठी 'अंधार' व 'पोलाद' हे दोन नवे प्रकार आणले. दोन आवृत्त्यांची आणि विनिमयाची योजना मात्र त्यांनी जशीच्या तशी ठेवली. मूळ खेळ २७ फेब्रुवारी २०१६ रोजी, विसाव्या वाढदिवशी, निन्टेन्डो ३डीएस यंत्रावर पुन्हा प्रसिद्ध झाला तेव्हा केबलीची जागा बिनतारी जोडणीने घेतली होती.

ज्यांना हा खेळ आज प्रथमच खेळायचा आहे त्यांना माझी एक विनंती आहे. एकट्याने सुरू करू नका. भाऊ, बहीण, मित्र, कोणीतरी सोबत घ्या. कोण कोणती आवृत्ती घेणार, आरंभीच्या तिघांतील कोणता प्राणी कोणाचा, आणि जीवाश्म कोणी कोणता उचलायचा, हे पहिल्याच दिवशी बोलून ठरवा. आरंभीचा तिसरा प्राणी आणि ईव्हीचे तिसरे रूप यांच्यासाठी नंतर दोघांपैकी एकाला खेळ पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागेल, तेही आधीच ठरवून घ्या.